मऊ भुसा

राणीसावरगावात कुणाची कोंबडी मान टाकून बसली की लोक आधी बायनाबाईचं दार गाठत. ती कोंबडी काखेत घ्यायची, पिसं फुंकून कातडी बघायची, गळ्याखालच्या पिशवीवर अंगठा फिरवायची आणि सांगायची, हिनं सकाळपासून दाणा शिवलेला नाही, किंवा हिनं काहीतरी भलतंच गिळलंय. चाळीस वर्षांत तिचा अंदाज क्वचितच चुकला होता. नवरा लिंबाजी म्हणायचा, माझ्या तब्येतीपेक्षा हिला कोंबडीची तब्येत जास्त कळते.

म्हणून बचत गटाच्या दहा बायांना मिळून एका दिवसाची शंभर पिल्लं मिळायचं ठरलं, तेव्हा पहिला महिना ती कुणाकडे ठेवायची यावर चर्चाच झाली नाही. बायनाबाईनं वाढवायची आणि मग सगळ्यांनी दहा-दहा वाटून घ्यायची.

पण आजवर तिच्या दारातलं प्रत्येक पिल्लू कोंबडीच्या पंखाखाली वाढलं होतं. बिनआईची पिल्लं तिनं कधी सांभाळली नव्हती. सून मंजुषा दोन दिवस गटाच्या प्रशिक्षणाला जाऊन आली होती. तिनं सांगितलं तसा लिंबाजीनं पत्र्याचा गोल आडोसा केला, मधोमध बल्ब टांगला. राहिलं खाली काय अंथरायचं ते. प्रशिक्षणात भाताचं तूस सांगितलं होतं, पण या ज्वारी-सोयाबीनच्या मुलखात तूस आणायचं कुठून? सोयाबीनचं भुसकट टोचत होतं, शिवाय ढिगाच्या तळाचं पावसानं बुरसलं होतं. भुईमुगाची टरफलं बायनाबाईला खड्यांसारखी वाटली. शेवटी लिंबाजीनं गंगाखेडच्या आरामशीनवरून दोन पोती आणली. एकात रंध्याचा जाड कुरळा किस, दुसऱ्यात पिठासारखा बारीक लाकडाचा भुसा.

बायनाबाईनं दोन्ही पोत्यांत हात घातला. मग मूठभर भुसा गालाला लावून बघितला आणि म्हणाली, "एका दिवसाची लेकरं येणार हायत. ह्याच्यावर निजू द्या." किसाचं पोतं गोठ्याकडे गेलं.

मंजुषानं सांगून पाहिलं की पहिले चार-पाच दिवस वर कागद अंथरून दाणा त्यावर टाकायचा असतो. सासूला ते पटलं नाही. कागदावर पाय घसरतात, आणि कोणती कोंबडी कागद अंथरून पिल्लं चारते? तिनं मक्याचा भरडा मुठीनं भुशावरच पेरला. सुनेनं पुन्हा विषय काढला नाही. कोंबड्यांवरून बायनाबाईशी वाद घालणारं माणूस गावात नव्हतं.

पिल्लं आली आणि घर चिवचिवाटानं भरून गेलं. दिवसभर खाली मान घालून टिपायची, उबेला गोळा व्हायची, पुन्हा टिपायची. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला बायनाबाईनं पाच-पंचवीस उचलून चाचपली. प्रत्येकाची पिशवी टच्च भरलेली. गटातली तानुबाई बघायला आली होती, तिच्या तळहातावर एक ठेवून ती म्हणाली, "बघ, कशी पोटभर खायलेत."

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता मंजुषानं हाक मारली. बायनाबाई धावत आली आणि आडोशाशी थबकली. चौदा पिल्लं पाय ताणून पडली होती. बाकीची बल्बखाली पंख सोडून डुलत होती. तिनं सापाचा माग बघितला, मुंगसाचा बघितला, बल्बवर हात धरून बघितला. कुठं जखम नाही, रक्ताचा थेंब नाही. एक मेलेलं पिल्लू उचललं, चाचपलं. पिशवी भरलेलीच. भरल्या पोटाचं पिल्लू मरतं कसं, हे तिला कळेना. चहा होईपर्यंत आणखी पाच गेली.

मेलेली पिल्लं टोपलीत घालून, वर फडकं टाकून नवराबायको ऑटोनं तालुक्याला जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथं वैदेही नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पाणी, लस, ऊब, सगळं विचारलं. खाली काय अंथरलंय, हेही विचारलं. उत्तर ऐकून त्यांनी कात्री घेतली.

गळ्याखालची पिशवी उभी चिरल्यावर आतून ओला, घट्ट दाबलेला गोळा निघाला. चिमट्यानं तो सुटा केला. सगळा लाकडाचा भुसा. मक्याचा एक कण नाही.

"उपाशी मेलंय मावशी," त्या म्हणाल्या.

"न्हाई बाई. हाताला भरलेली लागायली होती. म्या सोता बघितलंय."

"भरलेलीच होती. भुशानं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. अंड्यातला बलक पिल्लाच्या पोटात असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस काढतं, म्हणून कालपर्यंत ती उभी दिसत होती. बारीक भुसा आणि भरडा यांतला फरक नव्या पिल्लाला कळत नाही. आई असती तर तिनं दाणा चोचीनं उचलून पुढ्यात टाकून दाखवला असता.

बायनाबाईनं दुसरं चिरायला सांगितलं. मग तिसरं. चौथ्याच्या वेळी लिंबाजी बाहेर निघून गेला. चारही पिशव्यांतून तेच निघालं. डॉक्टरांनी पाचवं घेतलं तेव्हा तिनं त्यांचा हात धरला आणि ती तिथंच फरशीवर बसली. कोंबडी दाणा टाकून दाखवते, हे तिनं स्वतःच्या अंगणात हजार वेळा बघितलं होतं. कुणी विचारलं असतं तर झोपेतून उठून सांगितलं असतं. आणि आईची जागा स्वतः घेतली तेव्हा तेवढंच कसं विसरलं? ज्यांना ती पोटभर जेवलेली म्हणत होती, ती तिच्या हातात भुकेनं मरत होती.

घरी फोन डॉक्टरांनीच लावायला लावला. मंजुषानं ताबडतोब पिल्लं बाहेर काढली, भुसा उपसला, गोठ्यातला किस पसरून त्यावर गोणपाट टाकलं आणि भरडा ताटल्यांत ठेवला. बायनाबाई घरी पोहोचली ती थेट आडोशात बसली. एकेकाला गुळाचं पाणी पाजलं. मग बोटाच्या नखानं ताटलीत टकटक करत राहिली, कण उचलायची, टाकायची, उचलायची. दुपार टळून गेली तरी उठली नाही. दोन दिवसांत आणखी बावीस मेली. एकोणसाठ राहिली.

गटाच्या बैठकीत तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, रोग नव्हता, माझ्या हातून झालं, आणि मंजुषा सांगत होती ते मी ऐकलं नाही. बायांचा विश्वास बसेना. मग तानुबाईनं विचारलं, "सगळ्यांच्या पोटात त्येच निघालं?"

"चौघांचं बघितलं. पाचवं बघवलं न्हाई."

महिन्यानं वाटणी झाली. स्वतःचा वाटा बायनाबाईनं घेतला नाही, नऊ जणींना सहा-सात पिल्लं आली. पुढच्या प्रशिक्षणाला ती मंजुषाबरोबर गेली आणि दोन्ही दिवस पुढच्या रांगेत बसून राहिली.

लोक अजून कोंबड्या घेऊन येतात, ती बघतेही. पण जेवताना कधीकधी तिचा घास हातातच थांबतो. लिंबाजी विचारतो, काय झालं. ती काही नाही म्हणते आणि ताटाकडे बघत राहते.