हारूनपेक्षा अर्धा तास लवकर

हारूनची गोष्ट सांगावी तर मोफज्जलनंच, याबद्दल ढाक्यातल्या धानमंडीच्या त्या गल्लीतल्या ड्रायव्हरांचं एकमत होतं.

हारून म्हणजे मालकीणबाईंचा, खालाम्मांचा, आधीचा ड्रायव्हर. एका दुपारी गाडीचा बाजूचा आरसा चोरीला गेला. हारून धोलाईखालच्या जुन्या मालाच्या बाजारात गेला आणि अडीच तासांत तोच आरसा, काचेवर कोरलेल्या गाडीच्या नंबरासकट, घेऊन परत आला. खालाम्मांचे यजमान तेव्हा हयात होते. ते म्हणाले, "एवढ्या ढाक्यात अडीच तासांत सापडला? इतक्या लवकर फक्त ठेवणाऱ्यालाच सापडतं." दिवेलागणीच्या आत हारूनची वळकटी फाटकाबाहेर गेली.

हे सांगताना मोफज्जल काल्पनिक आरसा पोटाशी धरून, सगळे दात दाखवत, बक्षिसाची वाट बघणारा हारून करून दाखवायचा. ऐकणारे हातातला चहा सांडेपर्यंत हसायचे. हारूनच्या रिकाम्या जागेवर मोफज्जल लागला त्याला सोळा वर्षं झाली होती. म्हणजे हिशेबानं बघितलं तर त्याचं घर या गोष्टीवरच चालत होतं.

माणूस तसा सरळ. बायको आणि दोन मुली भोला बेटावर, हा इथे गॅरेजला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत. वर्षातून दोन ईदला गावी. कारण असल्याशिवाय हॉर्न वाजवायचा नाही. ढाक्यात हे आजारपणाचं लक्षण समजतात, पण खालाम्मांना ते आवडायचं.

त्या मंगळवारी तो खालाम्मांना दाताच्या डॉक्टरकडून आणायला एकटाच निघाला होता. बांगला मोटर चौकाच्या सिग्नलला गाडी नेहमीसारखी रुतली. उजवीकडे बस इतकी खेटून, की दार वीतभरही उघडेना. डावीकडून मोटरसायकल आली. मागे बसलेल्यानं हात लांब केला आणि फांदीवरचा पेरू तोडावा तसा डावा आरसा तोडला. मोफज्जल गुडघा गिअरला आपटत डावीकडच्या सीटवर सरकेपर्यंत मोटरसायकल तीन गाड्या पुढे गेली होती. आरशाच्या जागी दोन वायरी लोंबत होत्या. मागच्यानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली, जसं काही पुढे रस्ता होता.

खालाम्मांचा अर्धा जबडा इंजेक्शननं बधिर होता. उरलेल्या अर्ध्यानं त्या म्हणाल्या, "मोफज्जल, गाडीचा एक कान कुठंय?"

"नेला, खालाम्मा. बांगला मोटरला."

"तू काय करत होतास?"

"अडकलो होतो."

"रोजच अडकतोस. रोज नाही जात." मग म्हणाल्या, "नवा सव्वीस हजाराला पडतो. जावयाचा गेला तेव्हा कळलंय मला. मला घरी सोड आणि धोलाईखालला बघ. पण हारूनगिरी नको हं."

मोफज्जलचा पगार बावीस हजार.

धोलाईखालला गिअरबॉक्सच्या ढिगाऱ्यामागे दुकानदार लोकमान पान चघळत बसला होता. मोफज्जल म्हणाला, "मामा, पांढऱ्या टोयोटाचा डावा आरसा."

"शिळा देऊ की आजचा?"

लोकमाननं पायाखालचं पोतं ओढलं आणि वरचाच काढून दिला. काचेच्या कोपऱ्यात २७-४१०६. चार वाकडा. तो मोफज्जलनंच खिळ्यानं कोरताना वाकडा झाला होता.

"किती?"

"पाच हजार."

"मामा, हा माझाच आहे!"

"म्हणून तर पाच. परक्याला सहा."

चारवर सौदा ठरला. खिशात घराकडे पाठवायचे होते ते पैसे त्यानं मोजून दिले. खालाम्मा देतीलच की! सव्वीसाचं काम चारात झालं होतं. आरसा पोटाशी धरून तो खूश होऊन उभा राहिला, आणि काचेत त्याला स्वतःचे सगळे दात दिसले. ते हसू त्याच्या ओळखीचं होतं. सोळा वर्षं तेच तर तो करून दाखवत होता.

त्यानं घड्याळ बघितलं. आरसा जाऊन दोन तास झाले होते. हारूनपेक्षा अर्धा तास लवकर.

"मामा, हा इथंच राहू दे. पाच दिवसांनी नेतो."

"ही काय लायब्ररी आहे, मियाँ? आज नेला नाहीस तर उद्या चितगावला पोचलेला असेल."

गमछ्यात गुंडाळून त्यानं तो खोलीत आणला आणि खाटेखाली सारला. बेत सोपा होता. चार दिवस हिंडल्यासारखं करायचं, पाचव्या दिवशी थकल्या तोंडानं आणून द्यायचा. पण पहिल्याच संध्याकाळी "नाही सापडला, खालाम्मा" म्हणावं लागलं. विकत घेतलेला आरसा आता लपवलेला आरसा झाला होता. सोळा वर्षांत कधी न लावलेली कडी तो आतून लावायला लागला. सकाळी दाढी मात्र त्याच आरशात करायचा, चार हजार दिलेत म्हणून. गालावरून गाडीचा नंबर गेलेला दिसायचा.

तिसऱ्या दिवशी खालाम्मा म्हणाल्या, "सापडणार नाहीच तुला. सरळ माणसाला सापडत नाही."

पाचव्या दिवशी तो गमछ्याचं गाठोडं घेऊन बाहेर आला, तर मेकॅनिक गाडीला नवाकोरा आरसा लावून स्क्रू पिळत होता. खालाम्मा पायरीवर उभ्या होत्या.

"पाच दिवस उन्हात फिरलास, मलाच कसंतरी झालं. मागवून टाकला. अर्धे माझे, अर्धे तुझ्या पगारातून, महिना दोन हजार. चालेल ना? हातात काय आहे?"

"गमछा, खालाम्मा. धुवायचा होता."

"मग धू. आणि खिळा आणून नंबर कोर याच्यावर."

त्यानं कोरला. चार पुन्हा वाकडा आला.

शुक्रवारी नमाजानंतर गाठोडं घेऊन तो लोकमानकडे गेला. लोकमाननं आरसा उलटासुलटा करून म्हटलं, "बाराशे."

"तूच चार हजाराला विकलास मला!"

"घेताना तू मालक होतास, मियाँ. विकताना कोण आहेस?"

मोफज्जलनं आरसा परत गुंडाळला.

पुढच्या आठवड्यात सिल्हेटहून खालाम्मांची बहीण आली. गाडी त्याच सिग्नलला रुतली, उजवीकडे पुन्हा बस. खालाम्मा मागून म्हणाल्या, "मोफज्जल, हिला हारूनची गोष्ट सांग. असा हसवतो गं!"

त्यानं सांगितली. स्टिअरिंगवरचे हात न काढता, दात न दाखवता. अडीच तासांपाशी खालाम्मा सवयीनं हसल्या. बहीण हसली नाही.

"पण बाजारात खरंच मिळाला असेल त्याला तो. विकत घेऊन आला असेल बिचारा."

"छे! यानं पाच दिवस बाजार पालथा घातला, याला दिसला का? काय रे मोफज्जल?"

मोफज्जलनं डाव्या आरशात बघितलं. वाकड्या चारच्या पलीकडे मागच्या गाड्या नजर पोचेल तिथपर्यंत उभ्या होत्या. पुढचाही सिग्नल लाल होता, आणि दार वीतभरही उघडण्यासारखं नव्हतं.

"नाही दिसला, खालाम्मा," तो म्हणाला, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा उगाचच हॉर्न वाजवला.