एअरबॅगचं गाऱ्हाणं

मसुऱ्याच्या तिठ्यावर सत्यवानाचं गॅरेज आहे. गाडीच्या वायरिंगमध्ये त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, आणि त्याच्याइतका आगाऊही कुणी नाही. बॉनेट उघडण्याआधी तो ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतो आणि गिऱ्हाइकाला ‘होय म्हाराजा’ म्हणायला लावतो. जो म्हणत नाही, त्याची गाडी मागे राहते. एकदा मी हट्ट करून बघितला. दुपारपर्यंत बाकावर बसलो.

त्या दिवशी माझ्यापुढे आनंदीबाईंची गाडी होती. सत्यवानाला आणि मला, दोघांनाही बाईंनीच शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्या गाडी शिकल्या आणि दर बुधवारी मिठबावला बहिणीकडे एकट्या जाऊ लागल्या. पण गणपती झाल्यापासून त्यांच्या डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा मधूनच पेटायचा. ठाण्याहून आलेल्या मुलाने, गुरुप्रसादने, ते बघितलं आणि चावी खिशात घातली.

“दिवा गेला नाही तर गाडी विकणार,” गॅरेजमध्ये उभा राहून तो म्हणाला. “या वयात कशाला हवंय हे?”

नुसत्या बघण्याने वर्ग गार करणाऱ्या आमच्या बाई अशा गप्प उभ्या! मला त्या मुलाचा संतापच आला.

सत्यवानाने गाऱ्हाणं घातलं. बाई आणि मी ‘होय म्हाराजा’ म्हणालो. गुरुप्रसाद मोबाइलमध्ये बघत राहिला. “शहरात हे सगळं स्कॅनरवर कळतं,” तो म्हणाला.

“स्कॅनर माझ्याकडेय आसा,” सत्यवान म्हणाला. “पण तेका सीटखाली वाकाक येणा नाय.”

त्याने बॅटरीची वायर सोडली, एअरबॅग चुकून उडू नये म्हणून दहा मिनिटं थांबला, मग ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला आणि लाल फडक्यात बांधलेला नारळ बाहेर काढला. ब्रेक मारला की नारळ गडगडत जाऊन एअरबॅगच्या पिवळ्या वायरीच्या सॉकेटवर आपटायचा. सॉकेट ढिलं झालं की दिवा पेटायचा.

“बाई, देवाक कोण सीटखाली बसयता?”

“माझो नारळ डिकीत आसा रे,” बाई म्हणाल्या. “हो कोणाचो?”

गुरुप्रसादचे कान लाल झाले होते. “गणपतीत देवळातून आणला होता,” तो पुटपुटला. “तू एकटी जातेस ना, म्हणून.”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि पदराने डोळे टिपले. मघाचा माझा संताप मला गिळावा लागला.

सत्यवानाने सॉकेट घट्ट बसवलं, बॅटरी जोडली, गुरुप्रसादकडून चावी घेतली आणि स्कॅनर लावून कोड पुसला. दिवा गेला. मग एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात चावी धरून हा गडी पुन्हा गाऱ्हाण्याला उभा राहिला.

“बा देवा म्हाराजा! जेणां कोणी हो नारळ हंय ठेवल्यान, तेचो भाव बरो, पण जागा चुकली. तेका सांभाळून घे, आणि जिची चावी तिका परत मिळांदे रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

सगळ्यांत मोठा आवाज गुरुप्रसादचा होता. त्याने चावी घेतली, आईच्या हातात ठेवली आणि गुपचूप शेजारच्या सीटवर जाऊन बसला.