चौथ्या खांबाखालचा मर्ल

आमच्या विमानांच्या शर्यतीत सर्वांत वाईट जागा कोणती, असं कुणी विचारलं तर मी चौथा खांब सांगेन. तिथे सावली नाही, संडास नाही, आणि मर्ल होस्टेटर आहे.

खांब म्हणजे टेलिफोनचा जुना खांब, वर रंगवलेलं तेलाचं पिंप. असे खांब नेवाडाच्या या माळावर लांब वर्तुळात रोवले आहेत. आमच्या वर्गातली विमानं इतकी चिमुकली की वैमानिक त्यात बसत नाही, ती अंगात घालतो. ती पाडसांसारखी एकमेकांना ढुशा देत खांबांना वळसे घालतात. प्रत्येक खांबाखाली तिघं पंच मान वर करून उभे; चौथ्याखाली मर्ल, लुपे आणि मी. विमान बाहेरून गेलं तर ठीक. वैमानिकाचं हेल्मेट खांबाच्या आतल्या बाजूला दिसलं की रेडिओवर सांगायचं: अमुक नंबर, आत. नियम विमानाचा नाही, डोक्याचा आहे. पंख बाहेर आणि डोकं आत असलं तरी दंड डोक्यालाच. कायद्याची अशी स्पष्टता मी इतरत्र पाहिलेली नाही.

मर्लने आयुष्यभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. धाकटा भाऊ ड्वेन इथे उडायचा, नंबर ७६, लाल हेल्मेट, त्यावर पांढरा पट्टा. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शनिवारी ड्वेनचं डोकं खांबाच्या आत गेलं आणि मर्लने रेडिओवर सांगितलं, "७६, आत." दंड बसला, म्हणून रविवारच्या अंतिम शर्यतीत ड्वेनला मागच्या रांगेतून सुटावं लागलं. मागे पुढच्यांनी घुसळलेली हवा असते. चौथा खांब ओलांडताच त्या हवेत त्याचं विमान उलटलं आणि झुडपांत पडलं. मर्ल खांबाखालीच उभा होता.

दोष कुणीही दिला नाही. मर्लची अडचण तीच. ७६ नंबर पुन्हा कुणाला दिला नाही आणि मर्लने चौथा खांब सोडला नाही. त्या झुडपांकडे पाठ करूनच तो डबा खातो. वारा सुटला की वरचं पिंप घुमतं. मग मर्ल खाणं थांबवतो, घुमणं संपेपर्यंत ऐकतो आणि उरलेलं सँडविच गुंडाळून ठेवतो. काय ऐकलंस, असं आम्ही विचारत नाही. एकदा लुपेने विचारलं होतं. मर्ल म्हणाला, "मलाही नीट कळत नाही." त्यानंतर वारा सुटला की लुपे मोठमोठ्याने गाते. तिचा आवाज वाईट आहे, पण हेतू चांगला.

यंदा ड्वेनची मुलगी कोरिन पहिल्यांदा उतरली, नंबर ३१. तिच्या आईने हेल्मेट रंगवून दिलं होतं: लाल, त्यावर पांढरा पट्टा.

शनिवारी ती तिसऱ्या फेरीत एकाला मागे टाकायला गेली आणि खांबाच्या आत आली. मी पाहिलं, लुपेने पाहिलं. रेडिओ मर्लच्या हातात होता.

"चौथा खांब. ७६, आत."

मनोऱ्यावर दंड नोंदवायला व्हर्जिल बसतो. त्याने विचारलं, "मर्ल, या नंबरचं विमान नाहीये आज. नीट सांग."

"दिसलं ते सांगितलं."

"बाकीचे दोघं काय म्हणतात?"

लुपेने माझ्याकडे पाहिलं. मी रेडिओ घेतला. "आम्हाला ७६ दिसलं नाही," मी म्हणालो. अक्षरशः खरं होतं. दंड कुणालाच बसला नाही.

दुपारी आम्ही हँगरच्या सावलीत बसलो होतो. कोरिन तडक आली. केस घामाने चिकटलेले, नाकावर चष्म्याचे वळ.

"काका, मी आत होते."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. विमानात मीच होते ना?"

"मी ७६ पाहिलं."

"म्हणजे मेल्यावरही दंड बाबांनीच भरायचा? बरं आहे तुझं!"

लुपे हसली आणि लगेच खोकली.

"मागच्या रांगेत टाकतील तुला," मर्ल म्हणाला. "मागे हवा नसते गं पोरी. चिखल असतो नुसता."

"माहीत आहे."

"तुला ऐकून माहीत आहे."

ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "त्या वेळी तू खरं तेच सांगितलंस. आई आजही कुणी विचारलं तर हेच म्हणते. आता माझ्या वेळी खोटं बोललास, तर त्या वेळीही बोलता आलं असतं, असं होतं ना रे काका?"

कोरिन उठली आणि मनोऱ्याकडे चालत गेली. तिने स्वतःहून दंड लावून घेतला. व्हर्जिल म्हणतो, असा अर्ज त्याच्याकडे कधीच आला नव्हता.

रविवारी लुपेने रेडिओसाठी हात पुढे केला. "दे इकडे. आज मी सांगते."

"माझ्याकडेच राहू दे."

विमानं सुटली. पहिल्या फेरीला पुढचे घोळक्याने गेले, धुळीचा लोट उठला. मागून कोरिन आली. चौथ्या खांबावर तिचं विमान एका अंगावर कलंडलं, पंखाचं टोक खाली गेलं, लुपेने माझी बाही धरली. मग ते सावरलं. लाल डोकं पिंपाच्या बाहेरून गेलं.

"चौथा खांब," मर्ल म्हणाला. "३१, बाहेर."

"बाहेरचे सांगायचे नसतात," व्हर्जिल म्हणाला.

दुसरी फेरी. "३१, बाहेर."

"मर्ल, अरे चॅनल अडवतोयस. कुणी विचारलंय का तुला?"

तिसऱ्या फेरीला पुन्हा तेच, चौथीला पुन्हा तेच. त्याची मान वर होती आणि डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळत होतं. आम्ही ते उन्हाच्या खाती टाकलं. पाचव्या फेरीपासून व्हर्जिल गप्प बसला. मनोऱ्यावरच्या एकाने नंतर सांगितलं की मर्लचा आवाज यायला जरा उशीर झाला की व्हर्जिल खुर्चीतून उठायचा.

कोरिन सहावी आली.