डेट्रॉइटच्या जर्मन काकू

जर्मन काकूंचा आवाज कधी चढला नाही. परिस्थिती बिघडली की तो उतरायचा. एरवी त्या चारचौघींसारख्या बोलत, फोनवर मोठ्यानं हसत, काकांवर कुरकुरत. पण समोर काही वाकडं दिसलं की त्यांचा आवाज इतका खाली जाई, की ऐकणाऱ्याला कान द्यावा लागे. त्यांच्या गाडीत बसून ड्रायव्हिंग शिकलेल्या आम्ही सगळ्याजणी ही खूण ओळखून होतो. काकू हळू बोलू लागल्या, की आमचा पाय आपोआप ब्रेककडे जाई.

त्या जर्मन मुळीच नव्हत्या. माहेर साताऱ्याचं, सासर नाशिकचं. लग्नानंतरची काही वर्षं काकांच्या नोकरीमुळे हॅम्बुर्गमध्ये गेली आणि तिथून त्या डेट्रॉइटजवळ ट्रॉयला आल्या, एवढाच काय तो संबंध. हॅम्बुर्गच्या पहिल्या हिवाळ्यात त्या कुणाशीच बोलल्या नव्हत्या. रविवारी तिथे आवाज केलेला चालत नसे; चटणी कुटली की खालच्या मजल्यावरची बाई झाडूच्या दांड्यानं तिचं छत ठोकायची, म्हणून घरात पाऊलही जपून टाकायच्या. बेकरीत गेल्या की बोटानं पाव दाखवायच्या. एक दिवस बेकरीवालीनं हात मागे घेतला आणि तोंडानं मागितल्याशिवाय पाव दिला नाही. काकू रडत घरी आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून भाषा शिकू लागल्या. ‘‘बोट दाखवून पोट भरतं गं,’’ त्या म्हणत, ‘‘पण माणसात येता येत नाही.’’

मी लग्न होऊन ट्रॉयला आले ती ऐन जानेवारीत, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. माझा नवरा श्रीकांत गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर होता. तो आमची एकुलती एक गाडी घेऊन सकाळी जाई आणि अंधार पडल्यावर येई. दिवसभर मी खिडकीतून बर्फ बघत बसे. बसस्टॉप नाही, चालायला फुटपाथ नाही, रस्त्यावर माणूस नाही. अशाच एका दुपारी दार वाजलं. दोन इमारती पलीकडे राहणाऱ्या काकू दारात उभ्या होत्या. नाव-गाव नंतर विचारलं. आधी म्हणाल्या, ‘‘कोट घाल, चल.’’ एका चर्चच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये त्यांनी मला त्यांच्या लांबलचक तपकिरी स्टेशन वॅगनच्या स्टिअरिंगमागे बसवलं. ‘‘हॅम्बुर्गला निदान ट्राम होती. इथे गाडी येत नसेल तर बाई म्हणजे घरातलं फर्निचर,’’ असं त्या म्हणाल्या आणि किल्ली फिरवायला लावली.

ते दिवस चांगले नव्हते. जपानी गाड्या खपत होत्या, इथले कारखाने बंद पडत होते, लोकांना ले-ऑफ मिळून नोकऱ्या जात होत्या आणि त्याचा राग जपान्यांवर निघत होता. आमचे चेहरे जपानी नव्हते, पण रागावलेला माणूस तेवढं बघत नाही. एकदा मी पेट्रोल भरून गॅस स्टेशनवरून गाडी काढत असताना एक धिप्पाड माणूस पुढे आला आणि बॉनेटवर मूठ आपटून ओरडू लागला, की आमच्या नोकऱ्या खाल्ल्यात, चालते व्हा. गाडी डेट्रॉइटमध्येच बनलेली होती. शेजारून काकूंचा आवाज आला, जेमतेम ऐकू येईल इतका. ‘‘काच वर कर. थोडी मागे घे. आता वळव. पळायचं नाही, निघायचं.’’ मी निघाले. बरंच पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘तो आपल्यावर चिडला नव्हता. पण मार आपल्यालाच बसला असता.’’

आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये नलिनी राहायची. तिचा नवरा रमाकांत पत्त्यांच्या डावात सगळ्यांना हवा असलेला, हसरा, गाणी म्हणणारा माणूस. सकाळी ऑफिसला जाताना तो घरातला फोन काढून डिकीत ठेवून नेतो, हे आम्हा बायकांना माहीत होतं. तिच्या मनगटावरचे वळही आम्ही पाहिले होते. पाहून गप्प होतो. घरोघरचे पदार्थ आणून होणाऱ्या एका पॉटलक जेवणाला काकूंनी सगळ्यांसमोर रमाकांतला विचारलं, नलिनीला गाडी शिकवू का. तो हसून म्हणाला, ‘‘काकू, तिला कुठे जायचंय?’’ काकूंनी हातातली प्लेट खाली ठेवली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘‘तेच तिला विचारते.’’ कुणीतरी घाईघाईनं विषय बदलला. त्यानंतर रमाकांतनं नलिनीला पार्ट्यांना आणणंच बंद केलं.

मार्चमध्ये काकू बर्फावर घसरून पडल्या आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. त्याच आठवड्यात एका दुपारी नलिनी माझ्या दारात आली. अंगात कोट नाही, पायात चपला, ओठ फुटलेला. रमाकांत जेवायला घरी येणार होता, आणि तो यायच्या आत तिला निघायचं होतं. तिचा मामेभाऊ ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीत शिकत होता. मी काकूंना फोन केला. त्या चालत आल्या आणि काही न विचारता गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. माझ्याकडे फक्त शिकाऊ परमिट होतं आणि फ्रीवेवर मी कधी गाडी घातली नव्हती. तसं मी म्हटलंही. काकू म्हणाल्या, ‘‘मग आज घाल.’’

कॉम्प्लेक्सच्या फाटकातून आम्ही बाहेर पडत होतो आणि रमाकांत आत येत होता. त्यानं आम्हाला पाहिलं. मागच्या सीटवर नलिनी आडवी झाली, पण उशीर झाला होता. तो गाडी वळवून आमच्या मागे लागला. हॉर्न वाजवत, दिवे मारत तो फ्रीवेवरही आला. कधी शेजारच्या लेनमध्ये येऊन गाडी आमच्या अंगावर घाले, कधी अगदी मागे चिकटे. पुढे ट्रक, खाली बर्फाचा चिखल. मी सारखी आरशात बघत होते. काकूंनी डावा हात लांबवून आरसाच स्वतःकडे वळवला. ‘‘मागचं मी बघते, तू पुढचं बघ,’’ त्या पुटपुटल्या. नलिनी मागे काहीतरी म्हणत होती. स्तोत्र होतं की रडणं, मला कळलं नाही. मग काकू म्हणाल्या, ‘‘पुढच्या एग्झिटला बाहेर पड. इंडिकेटर देऊ नकोस.’’

शेवटच्या क्षणी मी चाक फिरवलं. तरी तो आलाच. काकूंनी दोन वळणं सांगितली आणि मी गाडी थांबवली ती एका छोट्या गावाच्या पोलीस स्टेशनच्या दारात. रमाकांत रस्त्यापलीकडे थांबला. इंजिन चालूच होतं. काकू उतरल्या, प्लास्टरचा हात छातीशी धरून रस्ता ओलांडून गेल्या आणि त्याच्या खिडकीशी वाकल्या. त्या काय बोलल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं त्याची गाडी मागे फिरली. परत येऊन बसल्यावर त्यांनी सांगितलं, ‘‘मी म्हटलं, आत जायचं की घरी जायचं ते तू ठरव. मी दोन्हीला तयार आहे.’’ मग त्यांनी डाव्या हातानं कपाळावरचा घाम पुसला. मी गाडी पुन्हा फ्रीवेवर घातली आणि आम्ही तिघी ॲन आर्बरला पोचलो.

पुढच्या रविवारी इथल्या मराठी मंडळातले दोन वडीलधारे काकूंकडे आले. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणलीत, असं त्यांचं म्हणणं. काकूंनी त्यांना पोहे दिले, चहा दिला आणि म्हणाल्या, ‘‘घरातली होती, म्हणूनच इतके दिवस चालली.’’ त्या वर्षी गणपतीचं बोलावणं त्यांना आलं नाही. काही नवऱ्यांनी बायकांचं शिकणं बंद केलं. श्रीकांतनं मला काही अडवलं नाही, पण रमाकांतबरोबर पत्ते खेळणं मात्र त्यानं महिनाभरानं सोडलं, लगेच नाही. नलिनी परत आली नाही. युनिव्हर्सिटीच्या एका लॅबमध्ये ती कामाला लागली, पुढे तिथेच शिकली. काकू तिला भेटायला जात, तेव्हा कुणाला सांगत नसत.

पुढच्या वर्षी काकांनाही ले-ऑफ मिळाला. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला त्यांना दुसरी नोकरी मिळाली आणि काकूंनी घर आवरलं. निघायच्या सकाळी मी निरोपाला गेले, तेव्हा वाटलं होतं आपण एकट्याच असू. बघते तर त्यांच्या इमारतीपुढे गाड्या येऊन लागत होत्या. ज्या घरांनी त्यांना वाळीत टाकलं होतं, त्या घरांतल्या बायका एकेकट्या, स्वतः गाडी चालवत आल्या होत्या. एक तर कडेवरच्या मुलाला घेऊन थेट डेट्रॉइटहून आली होती. सर्वांत शेवटी ॲन आर्बरहून नलिनी आली, गंजलेली एक जुनी गाडी स्वतः चालवत.

कुणी डबा दिला, कुणी वाकून नमस्कार केला. काकू एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत गाड्यांच्या रांगेच्या कडेनं चालत गेल्या आणि नलिनीच्या गाडीपाशी थांबल्या. मागचं चाक रस्त्याच्या कडेपासून बरंच लांब राहिलं होतं. काकूंनी ते बघितलं, मग नलिनीकडे बघितलं. नलिनी निमूट गाडीत बसली, पुढे गेली, मागे आली आणि गाडी कडेला सरळ लावली. ती उतरेपर्यंत काकू तिथेच उभ्या होत्या. मग काकांना म्हणाल्या, ‘‘चला.’’