तारेची साल

तांब्याच्या तारेला साल असते, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. तेही पाच पाहुण्यांसमोर!

माझी सून पूनम इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. तिने बागेसाठी एक डबा बनवला. पुढ्यात माकड आलं की भोंगा वाजणार! चार वाजता पाच बागायतदार बघायला येणार होते. चालला तर पाचही जण डबे करून घेणार. नाही तर पूनमचा धंदा सुरू होण्याआधीच बंद!

डब्यातल्या चौकोनी खिळ्यांवर बारीक तार घट्ट गुंडाळायची, वितळलेल्या धातूचा डाख द्यायचा नाही, अशी तिची पद्धत. चार खिळे उरले आणि तार संपली.

"आई, मालवणात जावन तार घेवन येतंय. डब्याक हात लावू नकात हां!"

मी लावला. (ऐकलं असतं तर लिहायला काय उरलं असतं?) पूनमच्या तारेवर प्लास्टिकची साल, टोकं सोलत बसा! माझ्याकडे जुन्या पंपातली तांब्याची तार होती. लखलखीत, आणि सोलायची कटकट नाही! अबोलीच्या फुलांचे वळेसर गुंफून तयार झालेली बोटं माझी. चारही खिळे करकचून आवळले.

पूनम परतली ती पाहुण्यांबरोबरच.

"झाला गो तुझा काम!" मी म्हटलं.

डबा बागेत ठेवला. माकडं आली, अख्खी टोळी! डबा गप्प. एक माकड डब्यावरच बसलं आणि त्याने मला दात दाखवले.

माझं डोकं फिरलं! काजूच्या झाडाआडून ओरडले, "मेल्यांनू, तंगडे मोडीन तुमचे!"

टोळी कुंपणापार!

पाचांतला एक, शेजारचा बाबलो, टाळ्या पिटू लागला. "पूनम, आवाज काय भरलंस गो! अगदी तुझ्या सासूसारखो!"

पूनम खोटं बोलणारी नाही. तिने डबा उघडला, तार नखाने खरवडली.

"आई, ही वायंडिंगची तार! हिच्यावर वार्निशासारखो थर आसता. खरवडल्याबिगर वीज जावची नाय!"

तिने आणलेली तार लावली. भोंगा कोकलला. बाबलोने कान झाकले.

"ह्यो नको. माका पयलो आवाज व्हयो!"

बाकी चौघांनाही तोच हवा होता! पूनमने माझं ओरडणं पाच डब्यांत भरलं.

डब्याला माकड काय, माणूस काय! आमचा म्हातारा बाबलोच्या कुंपणापाशी बिडी ओढायला थांबला की डबा ओरडतो. म्हातारा बिडी फेकून, "इलंय गो, इलंय!" करत घरी धावतो.

आणि घरात मी तोंड मिटून भाजी चिरत असते!