आक्काची काच

पेंटर रोज तीनच्या खेळाला फुकटात थिएटरात शिरायचा आणि सिनेमा सुरू झाला की उठून जायचा. त्याला फक्त स्लाइडी बघायच्या असत. एकोणीसशे एकाहत्तरच्या सुमारास नगरच्या एका थिएटरात मी ऑपरेटर होतो, आणि खेळाआधी पडद्यावर दिसणाऱ्या जाहिरातींच्या काचा हाच रंगवायचा. तळहाताएवढी काच, तीत चित्रही बसवायचं आणि मजकूरही. पहिली स्लाइड पडली की हा खालून ओरडायचा, "आपरेटर, फोकस मारा की नीट! अक्षर पसरलंय!"

चित्र आणि अक्षर एका काचेवर नांदवणं म्हणजे दोन जावा एका चुलीवर, असं तो म्हणे. आधी अक्षरं, मग उरलेल्या जागेत चित्र, हा त्याचा कायदा. एका भांडेवाल्याला काचभर लक्ष्मी हवी होती. पेंटरनं त्याला सुनावलं, "लक्ष्मी कुनाच्या दुकानात हाय, त्ये कोन सांगनार? तीच बोलनार व्हय?" भांडेवाला तणतणत गेला आणि दोन दिवसांनी मुकाट परत आला. असला हेकट माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझाही स्वभाव काही मऊ नव्हता, त्यामुळे आमचं रोज वाजायचं.

केडगावला घरी त्याची थोरली बहीण होती, आक्का. आई गेल्यावर तिनंच याला लहानाचा मोठा केला. अलीकडे तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं, दाराबाहेर पडली की घर विसरायची. निघताना पेंटर शेजारणीला दहादा बजावून यायचा. एका दुपारी त्या बिचारीचा डोळा लागला आणि आक्का गेली ती गेलीच.

चार दिवस शोधून तो माझ्याकडे आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "आक्काचा फोटू न्हाई वो एकबी. काच करतो. लावाल?"

"न लावायला काय झालं?" मी म्हणालो.

त्यानं आठवणीतून चेहरा काढला. कपाळावरचं गोंदण, फाटलेली कानाची पाळी, सगळं. खाली बोटभर जागा उरली होती, तिथं लिहिलं होतं, 'आमची आक्का हरवली आहे. दिसल्यास कळवा.'

आठ दिवस मी ती काच प्रत्येक खेळाला लावली. नवव्या दिवशी काष्टीची एक मिरचीवाली तिकिटाच्या खिडकीशी येऊन तावातावानं बोलू लागली. "त्या पडद्यावरल्या म्हातारीचं घर कुठं हाय? आमच्या स्टँडवर बसती ती. म्या भाकर देते तिला. मागल्या खेपंला शेजारच्या मानसाकडून वाचून घेतलं, तर नुसतं कळवा. अवो, पन कुठं कळवा? एसटी सुटंल म्हनून गेले तशीच."

मी धावत वर गेलो, काच उजेडाला धरली. पत्ता नव्हता. नावसुद्धा नव्हतं! अरे, त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं, पण मला काय झालं होतं? मला वाचता येत नव्हतं का?

त्याच दिवशी पेंटरला घेऊन मी काष्टी गाठली. स्टँडवर आक्का नव्हती. चहावाला म्हणाला, "कालच गेली की. ऊसतोडीवाल्यांच्या ट्रकात चढून बसली. ते बी म्हनले, असू द्या, पोरं संभाळील." ट्रक कुठल्या कारखान्याचा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढं पेंटर सगळा हंगाम कारखाने आणि तोडणीवाल्यांच्या झोपड्या पालथ्या घालत हिंडला. आक्का सापडली नाही. तो थिएटरात पुन्हा आला नाही, आणि त्याला निरोप धाडायची माझीही हिंमत झाली नाही.

त्या दिवशी काष्टीहून परतताना एसटीत मी त्याला म्हणालो होतो, "पेंटर, चूक माझी आहे. आठ दिवस काच माझ्या हातात होती. शिव्या घाल मला."

"तुमाला कशापायी?" तो म्हणाला. "म्या बी रोज येऊन बगतच हुतो की. पडद्यावर आक्का दिसली, का वाटायचं, घावली. घावलेल्या मानसाचा पत्ता कोन लिवतं?"

केडगावला तो उतरला तेव्हा माझ्याच्यानं वर मान करून बघवलं नाही.