करंगळी सहज गेली पाहिजे

"धर. सोडायचं न्हाई."

कुणी बोटं बधिर झाली म्हणालं, की आमच्या सर्जन मॅडम पर्समधलं एसटीचं जुनं तिकीट त्याच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात द्यायच्या आणि ओढायच्या. तिकीट निसटलं, की कोपरामागच्या नसेवर त्यांचा संशय जायचा. पाथरीहून रोज एसटीनं यायच्या, त्यामुळं तिकिटांना तोटा नव्हता. तुम्ही पुष्कळ डॉक्टर पाहिले असतील, असे क्वचितच.

मी परभणीत त्यांच्या ऑपरेशन थिएटरात ब्रदर. आमच्या घरात कॉलेजची पदवी पहिली माझीच, आणि ते मी सांगतोच. म्हणून त्या मला 'पदवीधर' म्हणायच्या.

"पदवीधर, इकडं ये. नस कोपरात मोकळी केली म्हंजे झालं का?"

मग स्वतःच्या हातावर दाखवायच्या. कोपराच्या खाली ही नस एका स्नायूच्या दोन मुळांमधून आत शिरते. त्यावर पांढरं, चिवट आवरण असतं. ते तसंच ठेवलं, तर वर सुटलेली नस तिथं दबते. म्हणून टाक्यांआधी मॅडम पेशंटचं कोपर वाकवून आवरणाखाली करंगळी घालायच्या. सहज गेली तरच टाके.

गेल्या वर्षी तिकीट कसं धरायचं ते एका पेशंटला दाखवताना ते मॅडमच्याच बोटांतून निसटलं.

"चिमटा धरता आला न्हाई, तर मी काय करू रे?" एवढंच म्हणाल्या.

मॅडमच्या कोपराचं ऑपरेशन त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या डॉक्टरांनी केलं. हात बधिर केलेला, मॅडम जाग्या, मधे हिरवा पडदा.

"मोकळी झाली, मॅडम."

"कोपर वाकवून करंगळी घातली का?"

डॉक्टरांनी घातली. अडकली. ते काही बोलेनात.

"गप झालास म्हंजे जायना. खाली काप. नसेचे बारीक फाटे सांभाळ."

त्यांनी आवरण आणखी खाली उघडलं. करंगळी गेली.

बोटांत जोर आला, पण ऑपरेशनला लागतो तेवढा नाही. आपलं काम संपलं, हे कुणी सांगायच्या आत त्यांनीच सांगितलं.

शेवटच्या दिवशी मी स्टँडवर सोडायला गेलो. कंडक्टरनं तिकिटं खालीच दिली होती. मॅडमनी खिडकीतून तिकीट पुढं केलं.

"ओढ."

मी हळूच ओढलं.

"लाड नको, पदवीधर. नीट ओढ."

ओढलं. तिकीट मधून फाटलं. अर्धं माझ्याकडं आलं.

"आता कंडक्टरला काय दाखवू?" म्हणाल्या.

बस फाटकातून वळली, तरी हात खिडकीतच होता. अर्धं तिकीट बोटांत घट्ट.